मान: गुरूचा आणि शिष्याचा



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबात सर्वांत आधी देव्हारा रिकामा होतो. खंडोबा, म्हसोबा, मरीआई यांना निरोप दिला जातो आणि भिंतीवर तथागत बुद्ध व परमपूज्य बाबासाहेब यांच्या प्रतिमा येतात. परंतु मनातला देव्हारा इतक्या सहजासहजी रिकामा होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कुणापुढे तरी वाकण्याची सवय जडलेली मान, देव गेले तरी वाकायला जागा शोधत राहते. मग त्या जागेवर एखादा बाबा, एखादी माताजी किंवा एखादा ध्यानगुरू येऊन बसतो. "आम्ही देव मानत नाही, फक्त गुरू मानतो," असे सांगणारी कुटुंबे आज आपल्यातही आढळतात.

म्हणून एका प्रश्नाचा विचार आपण मोकळेपणाने केला पाहिजे. जो माणूस उठल्याबसल्या ‘अहंकार सोडा’ असा उपदेश करतो, त्याचाच अहंकार इतका का फुगतो? आणि चांगली शिकलीसवरलेली माणसे तो का पोसतात? हा प्रश्न केवळ नीतीचा नाही. तो मनाच्या आरोग्याचाही आहे. गुरूच्या मनाचा आहे, तसा शिष्याच्याही मनाचा आहे.

मान म्हणजे काय?

मराठीत मान म्हणजे गर्दन आणि मान म्हणजे आदर. पाली भाषेत ‘मान’ हा शब्द अहंकारासाठी येतो, आणि त्याचा रोख स्वतःला दुसऱ्याशी तोलून पाहण्यावर आहे. तथागतांनी या मानाचे तीन प्रकार सांगितले. मी दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ आहे, हा एक. मी दुसऱ्याच्या बरोबरीचा आहे, हा दुसरा. आणि मी दुसऱ्यापेक्षा हीन आहे, हा तिसरा.

पहिला प्रकार अहंकार आहे हे शाळेतले पोरही सांगेल. पण तिसरा? ‘मी हीन आहे’ हासुद्धा अहंकार कसा? आपल्या समाजात तर यालाच नम्रता म्हणून गौरविले गेले. जो स्वतःला पायाची धूळ म्हणवून घेतो तो मोठा भक्त मानला गेला. तथागतांचे म्हणणे निराळे आहे. स्वतःला उंच समजणारा आणि स्वतःला नीच समजणारा, दोघेही ‘मी’ याच एका खुंटीभोवती फिरत असतात. एकाचे तोंड वर असते, दुसऱ्याचे खाली. खुंटी तीच.

आपल्यासाठी या शिकवणुकीचे मोल फार मोठे आहे. जातिव्यवस्थेने आपल्या वाडवडिलांच्या मनावर ‘मी हीन आहे’ हेच शतकानुशतके कोरले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी जे टाकून दिले, त्यात देवदेवतांइतकेच हे हीनत्वही होते. ते पुन्हा मागच्या दाराने घरात आले तर दीक्षेचे अर्धे काम वाया गेले असे म्हणावे लागेल.

पुण्यातून ओरेगॉनपर्यंत

आता एक उदाहरण पाहू. ते महाराष्ट्रात घडले आणि साऱ्या जगाने पाहिले. रजनीश यांचा जन्म ११ डिसेंबर १९३१ रोजी मध्य प्रदेशातील कुचवाडा या खेड्यात झाला. जबलपूरला ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. १९६६ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, पुढे ते मुंबईत आले आणि १९७४ मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कमध्ये त्यांचा आश्रम सुरू झाला. वाचन अफाट, वाणी गोड आणि बुद्धी तल्लख. पुरोहितशाहीवर त्यांनी केलेली टीका आपल्यापैकी अनेकांना आवडावी अशी होती. माणसाचा अहंकार हेच त्याच्या दुःखाचे मूळ आहे आणि तो गुरूला शरण गेल्यानेच गळून पडतो, असे ते शिकवीत. शिष्यांनी भगवी वस्त्रे ल्यावीत, गळ्यात त्यांच्या छायाचित्राची माळ घालावी आणि त्यांनी दिलेले नवे नाव धारण करावे, असा नियम होता. चपला आणि बुद्धी दाराबाहेर ठेवाव्यात, या अर्थाची पाटीही आश्रमात होती.

शिष्यांचा ‘मी’ असा गळत असताना गुरूचा ‘मी’ काय करीत होता? सुरुवातीला ते आचार्य होते. पुढे ते भगवान झाले. १९८१ मध्ये ते अमेरिकेत गेले. ओरेगॉन राज्यात सुमारे ६४ हजार एकर माळरानावर त्यांच्या शिष्यांनी ‘रजनीशपुरम्’ नावाचे शहर वसविले. शिष्य उन्हातान्हात राबत होते. दररोज दुपारी गुरूची मोटार रस्त्याने जाई आणि ते दुतर्फा हात जोडून उभे राहत. रोल्स रॉईस या महागड्या मोटारी एक-दोन नव्हेत, ९३ झाल्या. जवळजवळ साडेतीन वर्षे रजनीशांनी जाहीर मौन पाळले. सारा कारभार मा आनंद शीला या त्यांच्या सचिव पाहत होत्या.

त्या कारभाराचे फळ असे. १९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जवळच्या ‘द डॅलेस’ या गावातील उपाहारगृहांत, उघड्यावर मांडलेल्या कोशिंबिरीत, आश्रमातील माणसांनी साल्मोनेला हे रोगजंतू मिसळले. ७५१ माणसे आजारी पडली. हेतू काय, तर स्थानिक निवडणुकीत गावकऱ्यांना मतदानाला जाता येऊ नये. त्याच निवडणुकीसाठी अमेरिकेच्या शहरांतून बेघर माणसे बसगाड्या भरून आणली गेली. त्यांत अनेक मनोरुग्ण होते. त्यांना शांत ठेवण्यासाठी त्यांच्या बिअरमध्ये मनोविकारावरचे औषध त्यांच्या नकळत मिसळले जात होते, हेही नंतर उघडकीस आले.

सप्टेंबर १९८५ मध्ये शीला युरोपला पळाल्या. रजनीशांनी मौन सोडलेच होते. आता ते म्हणाले की यातले आपल्याला काहीच ठाऊक नव्हते. ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली. परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याच्या गुन्ह्यात तडजोड होऊन चार लाख डॉलर्स दंड झाला आणि त्यांना अमेरिका सोडावी लागली. १९८७ मध्ये ते पुण्याला परतले. १९८८ च्या डिसेंबरात त्यांनी, गौतम बुद्ध आपल्या देहात उतरले आहेत, असे जाहीर केले. काही दिवसांतच, ते पाहुणे परत गेले, असेही सांगितले. त्यानंतर त्यांनी ‘ओशो’ हे नाव घेतले. १९ जानेवारी १९९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

येथे साध्या तर्काने एक प्रश्न विचारावा. आपल्या अंगणात चार वर्षे काय चालले आहे हे रजनीशांना ठाऊक होते की नव्हते? ठाऊक असेल, तर ते त्या पापाचे वाटेकरी ठरतात. ठाऊक नसेल, तर ज्यांना शेजारच्या खोलीत शिजणारे विष दिसले नाही, ते दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरून त्याचा अहंकार कसा काढणार होते?

गुरूच्या मनाचे दुखणे

अँथनी स्टॉर नावाचे एक ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ होते. ‘फीट ऑफ क्ले’, म्हणजे मातीचे पाय, या १९९६ च्या ग्रंथात त्यांनी रजनीश आणि जगातील इतर अनेक गुरूंच्या चरित्रांचा अभ्यास केला. त्यांना काही समान गोष्टी आढळल्या. या माणसांना बरोबरीचे मित्र फारसे नसतात. आयुष्याच्या एखाद्या टप्प्यावर त्यांना मनाचा मोठा त्रास किंवा आजार होतो. त्यातून बाहेर पडताना सर्व प्रश्नांचे उत्तर सापडल्याचा एकदम साक्षात्कार होतो. त्यानंतर त्यांना कशाचीच शंका येत नाही. रजनीशांनीही विशीच्या सुमारास आपण डोकेदुखी आणि खिन्नतेच्या दीर्घ काळातून गेलो आणि २१ मार्च १९५३ रोजी आपल्याला ज्ञान झाले, असे सांगितले होते.

मनाचा आजार होणे हा दोष नाही. आणि त्यातून बाहेर पडलेल्या माणसाला जीवनाचे काही खोल कळू शकते, हेही खरे. धोका पुढेच आहे. शंका संपली की शिकणे संपते. बरोबरीचा मित्र नसला की ‘तुझे चुकते आहे’ असे सांगणारे कोणी उरत नाही. भोवती सगळे हात जोडूनच उभे असले, तर माणसाला स्वतःचा खरा चेहरा दिसणार कुठे? आपल्या खेड्यातला पाटील असाच बिघडत असे. कारण वाड्यावर येणारा प्रत्येक जण जोहार घालूनच बोलत असे.

शिष्याच्या मनाची भूक

आपल्याला वाटते, अडाणी माणसेच बुवाबाजीला बळी पडतात. शिक्षणावर आपला मोठा भरवसा आहे. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच पदवी आली अशा माझ्यासारख्यांचा तर विशेषच. पण ओरेगॉन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये रजनीशपुरमची पाहणी केली तेव्हा तेथील निम्म्याहून अधिक माणसे पदवीधर निघाली. मग त्यांची पदवी कुठे गेली होती?

हाइन्झ कोहुट हे मनोविश्लेषक व्हिएन्नात जन्मले आणि अमेरिकेत शिकागोला काम करीत. त्यांचे म्हणणे येथे उपयोगी पडते. लहान मुलाच्या मनाला दोन भुका असतात. एक म्हणजे, कुणीतरी आपल्याकडे कौतुकाने पाहावे. दुसरी म्हणजे, कुणीतरी आपल्याहून थोर, बलवान असावे आणि आपण निर्धास्तपणे त्याच्या कुशीत शिरावे. या भुका वेळेवर भागल्या की मूल पुढे स्वतःच्या पायावर उभे राहते. भागल्या नाहीत तर त्या मोठेपणीही पाठ सोडीत नाहीत. कौतुकाची भूक राहिलेला गुरू होऊन बसतो आणि आधाराची भूक राहिलेला त्याचा शिष्य होतो. कुलूप आणि किल्ली जशी जुळावी तशी ही जोडी जुळते.

शिष्य म्हणतो, "मी काहीच नाही, सारे गुरू." हा तथागतांनी सांगितलेला हीनतेचा मान. परंतु तो तेथेच थांबत नाही. थोड्याच दिवसांत तोच शिष्य म्हणू लागतो, "माझ्या गुरूसारखा गुरू जगात नाही." म्हणजे स्वतःच्या नावाने जो गर्व करायला त्याला लाज वाटत होती, तो आता तो गुरूच्या नावाने राजरोस करतो. म्हणूनच गुरूवर कुणी टीका केली तर गुरूपेक्षा शिष्यच अधिक चवताळतो. २५ ऑगस्ट २०१७ रोजी हरियाणातील पंचकुला येथे न्यायालयाने डेरा सच्चा सौदाचे प्रमुख गुरमीत राम रहीम यांना बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरविले. तेव्हा अनुयायांनी केलेल्या जाळपोळीत आणि त्यानंतरच्या गोळीबारात तीसहून अधिक माणसे मरण पावली. ज्या दोन शिष्यांवर अत्याचार झाला होता, त्या दोघींसाठी मात्र त्या गर्दीत जागा नव्हती.

आता आपल्याकडे पाहावे. ज्या मुलाला वर्गाबाहेर बसविले गेले, ज्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतले गेले, ज्याच्या बापाला त्याच्यादेखत अरे-तुरे केले गेले, त्याच्या या दोन्ही भुकांचे काय झाले असेल? कौतुक वाट्याला आले नाही आणि आधाराला असणारा बापही गावापुढे वाकलेला दिसला. हे आपल्या वाडवडिलांचे दुखणे आहे आणि ते तीन-चार पिढ्यांत पुरते बरे होत नाही. म्हणूनच कुणा बाबाने पाठीवरून हात फिरविला, चार माणसांत आपले नाव घेतले, की आपले मन विरघळते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र सावध राहण्यासारखे पुष्कळ आहे.

पिवळे चीवरही संरक्षण देत नाही

"हे सारे त्या लोकांचे झाले, बौद्धांत असे नसते," असे कुणी म्हणेल तर तो स्वतःची फसवणूक करील. तिबेटी गुरू चोग्याम त्रुंग्पा यांनी अमेरिकेत बौद्ध धर्माचा मोठा प्रसार केला. साधनेचाच अहंकार कसा होतो, यावर १९७३ मध्ये निघालेला त्यांचा ग्रंथ आजही वाचला जातो. तेच त्रुंग्पा दारूच्या व्यसनाने खंगले आणि १९८७ मध्ये वयाची पन्नाशी गाठण्याआधीच वारले. त्यांनी नेमलेले उत्तराधिकारी ओसेल तेंझिन यांना एड्सची लागण झाली होती. ती ठाऊक असतानाही त्यांनी शिष्यांशी शरीरसंबंध ठेवले आणि त्यातून एका शिष्यालाही लागण झाली. १९८८ च्या अखेरीस हे उघड झाले. संस्थेतील काही वरिष्ठांना त्याआधीच ते माहीत होते. ते गप्प राहिले.

आणखी एक उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. इंग्रज भिक्षू संघरक्षित यांचे महाराष्ट्रातील बौद्धांवर उपकार आहेत. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाने पोरक्या झालेल्या नागपूरच्या जनतेला त्यांनी धीर दिला. पुढे त्यांनी स्थापन केलेल्या संघाने येथे शिक्षणाचे आणि धम्मप्रसाराचे मोठे काम केले. त्यांच्या काही माजी शिष्यांनी लैंगिक संबंधांबाबत केलेल्या तक्रारी १९९७ मध्ये इंग्लंडमधील वृत्तपत्रात आल्या. २०१६ च्या अखेरीस, मृत्यूच्या दोन वर्षे आधी, आपल्या वागण्याने दुखावलेल्यांबद्दल त्यांनी जाहीर खेद व्यक्त केला. त्यांची सेवा खरी आणि त्या तक्रारीही दुर्लक्षिण्यासारख्या नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवण्याची ताकद आपल्यात आली पाहिजे. ज्याला गुरू म्हणजे देव वाटतो त्याला हे जमत नाही. तो एक तर तक्रार खोटी ठरवितो, नाही तर धम्मच सोडून जातो.

तथागतांनी केलेली व्यवस्था

तथागतांना हा धोका ठाऊक होता. त्यांनी तो नुसत्या उपदेशावर सोडला नाही. त्यासाठी व्यवस्था केली.

कालामांना त्यांनी सांगितले की, हा श्रमण आपला गुरू आहे एवढ्याच कारणाने काही मानू नका. वीमंसक सुत्तात तर ते शिष्यांना स्वतः तथागताचीच परीक्षा करायला सांगतात. डोळ्यांनी दिसते आणि कानांनी ऐकू येते त्यावरून पारख करा, असे ते म्हणतात. त्यात एक मार्मिक गोष्ट आहे. भिक्षू जोवर प्रसिद्ध झालेला नसतो तोवर काही दोष त्याच्यात दिसत नाहीत. म्हणून कीर्ती मिळाल्यावर तो कसा वागतो हे पाहा.

वर्षावासाच्या शेवटी पवारणेच्या दिवशी प्रत्येक भिक्षूने इतरांना विनंती करायची असते की माझे काही चुकलेले दिसले असेल, ऐकले असेल, तर सांगा. श्रावस्तीच्या पूर्वारामात स्वतः तथागतांनी पाचशे भिक्षूंपुढे हीच विनंती केली. आजचा कोणता बाबा वर्षातून एकदा आपल्या शिष्यांपुढे उभा राहून असे विचारतो?

विनयाचा नियम आणखी कडक आहे. आपल्याला नसलेली सिद्धी आहे असे जाणूनबुजून सांगणारा भिक्षू संघातून कायमचा बाद होतो. आणि एखादी प्राप्ती खरोखर झाली असली, तरी ती उपासकांपुढे सांगणे हाही अपराधच. या एका नियमाने कितीतरी दुकाने बंद होतील! त्याच नियमात एक सवलत आहे. ज्याने अधिमानाने, म्हणजे प्रामाणिक गैरसमजाने, स्वतःला फार पुढे गेलेला समजून तसे सांगितले, तो बाद होत नाही. साधकाला स्वतःविषयी असा भ्रम होऊ शकतो, हे विनयाने तेव्हाच ओळखले होते.

आजारी थेर खेमक यांची गोष्ट या बाबतीत मला फार मोलाची वाटते. ते कोसंबीजवळच्या विहारात होते. थोर भिक्षूंनी निरोप पाठवून विचारले की तुम्ही अर्हत झालात का? खेमक म्हणाले, नाही. पाच स्कंधांपैकी कशालाही मी ‘माझा आत्मा’ समजत नाही, तरीही ‘मी आहे’ अशी सूक्ष्म भावना अजून उरली आहे. त्यांनी धुतलेल्या कापडाची उपमा दिली. परिटाने कापड स्वच्छ धुतले तरी खाराचा वास त्याला काही काळ राहतोच, तसे हे आहे. सुत्तात पुढे सांगितले आहे की हे बोलता बोलता खेमकांचे आणि ऐकणाऱ्या साठ भिक्षूंचे चित्त मुक्त झाले. दहा संयोजनांत मान हे आठवे आहे. ते अर्हताखेरीज कुणाचेही तुटत नाही. मग ‘माझा अहंकार संपला’ असे छातीठोक सांगणाऱ्यावर आपण कोणत्या आधारावर विश्वास ठेवायचा? ‘थोडा उरला आहे’ असे सांगणाऱ्या खेमकांपाशी शिकणे अधिक सुरक्षित.

"मग शिकवायला कुणी नकोच का?" असे विचारले जाईल. शिक्षक हवाच. मी स्वतः तो व्यवसाय करतो, म्हणून मला त्यातला फरक दिसतो. चौथीच्या मुलाला पाचवीत पाठविणे हे माझे काम. तो जन्मभर माझ्याच वर्गात बसावा असे मला वाटू लागले, तर माझी तपासणी शिक्षणाधिकाऱ्याने नव्हे, डॉक्टरने केली पाहिजे. तथागतांनी आपल्याला मार्ग दाखविणारा म्हटले, मोक्ष देणारा म्हटले नाही. शिकवताना मूठ झाकून काही राखले नाही. वारस नेमला नाही. आपल्यामागे धम्म आणि विनय हेच तुमचे गुरू, असे सांगितले.

पण केवळ शिक्षक बाजूला झाल्याने भागत नाही. थिऑसॉफीच्या पुढाऱ्यांनी जे. कृष्णमूर्ती यांना लहानपणापासून जगद्‌गुरू म्हणून वाढविले होते. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथे हजारो अनुयायांपुढे त्यांनी ती संघटनाच बरखास्त केली आणि मला अनुयायी नकोत असे सांगितले. तरीही १९८६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत लोक त्यांच्या पायांशी येऊन बसतच राहिले. गुरू गादीवरून उतरला तरी शिष्याने आपली मान स्वतः उचलावी लागते.

आजाराला आजार म्हणावे

आणखी एक गोष्ट नवदीक्षित कुटुंबांनी नीट समजून घ्यावी. खेड्यात एखाद्या बाईच्या अंगात येते. एखाद्या तरुणाला कानात आवाज ऐकू येतात. कुणी झोपेविना चार-चार रात्री बोलत राहतो आणि आपण अवतार आहोत म्हणतो. पूर्वी अशांना मांत्रिकाकडे नेत किंवा त्यांची पूजा सुरू करीत. दोन्ही मार्गांनी त्या माणसाचे नुकसानच होते. हे बहुधा आजार असतात आणि त्यांवर औषधोपचार आहेत. तथागतांच्या काळी गग्ग नावाच्या भिक्षूला वेड लागले होते. त्याला उपोसथाची कधी आठवण राही, कधी राहत नसे. संघाने रीतसर ठराव करून त्याची तशी नोंद केली. त्याला संत ठरविले नाही आणि पापीही ठरविले नाही.

ध्यान हे मनाला हितकारक आहे. परंतु ते प्रत्येक मनोविकारावरचे औषध नाही. अमेरिकेतील विलोबी ब्रिटन आणि जेरेड लिंडाल या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ध्यान करणाऱ्या अनेकांनी भीती, झोप उडणे, भ्रम होणे असे अनुभव सांगितले आहेत. म्हणूनच इगतपुरीसारख्या केंद्रांत शिबिराच्या अर्जावर मानसिक आजाराची माहिती विचारतात. ती लपवू नये. चालू असलेले औषध कुणा गुरूच्या शब्दावर बंद करू नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतो. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरात लिहून ठेवावा. डॉक्टरकडे जाण्याने श्रद्धा कमी होत नाही. ‘माझ्याकडे आलात, आता डॉक्टर कशाला?’ असे म्हणणाऱ्या गुरूकडून मात्र त्याच क्षणी उठून यावे.

घरात बसून विचारण्याचे प्रश्न

कुणाही धम्मगुरूकडे, शिबिराकडे किंवा संस्थेकडे जाण्यापूर्वी नवराबायकोने, मुलाबाळांसह, काही प्रश्न एकमेकांना विचारावेत. या माणसाला ‘तुमचे चुकले’ असे तोंडावर सांगता येते का, आणि सांगणाऱ्याचे पुढे काय होते? पैशाचा हिशेब सर्वांना दिसतो का? आपल्या मुलीला किंवा मुलाला त्याच्याकडे एकटे बोलावले जाते का? त्याच्याकडे जाऊ लागल्यापासून आपण भाऊबंदांपासून, शेजाऱ्यांपासून, मुलांच्या अभ्यासापासून दूर जात आहोत का? आणि शेवटचा प्रश्न: त्याच्यापुढून उठल्यावर आपली मान अधिक सरळ होते की अधिक वाकते?

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना आपले गुरू मानले. या तिघांपैकी एकानेही बाबासाहेबांकडून पाद्यपूजा मागितली नाही. बाबासाहेबांनी त्यांचे विचार तपासून घेतले आणि पुढे नेले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी देशाला बजावले की थोर पुरुषाबद्दल कृतज्ञ असावे, परंतु आपले स्वातंत्र्य त्याच्या पायांवर वाहू नये. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा त्यांचा इशारा होता. आपल्या घरातल्या, विहारातल्या आणि संस्थांतल्या पुढाऱ्यांनाही तो लागू करण्यास काय हरकत आहे?

ज्याने दुसऱ्यापुढे मान वाकवायचे सोडले, त्याने दुसऱ्याची मान वाकविण्याची इच्छाही सोडली पाहिजे. अन्यथा काल जे पाटलाच्या वाड्यावर चालत होते तेच उद्या आपल्या विहारात चालेल. येत्या वर्षावासाच्या समाप्तीला प्रत्येक विहारात भिक्षूंनी, कार्यकर्त्यांनी आणि आम्ही शिक्षकांनीही लोकांपुढे उभे राहून विचारावे की आमचे काही चुकले असेल तर सांगा. आणि लोकांनी ते न भिता सांगावे.

जय भीम!